रेस उतरेना

दिंडोरी नाक्याच्या सिग्नलला मी मूठ सोडली आणि गाडी शांत व्हायच्या ऐवजी ओरडायला लागली. मूठ सोडली, असं आत्ता बसून म्हणतो आहे. त्या वेळी तेवढंही छातीठोकपणे म्हणता आलं नसतं. पायातला ब्रेक दाबलेला, क्लच दाबलेला, आणि इंजिनाचा आवाज मात्र चढतच चाललेला. सकाळची ऑफिसची गर्दी, त्यात सगळे थांबलेले, त्यामुळे बघायला सगळ्यांनाच सवड होती. शेजारच्या स्कूटरवरच्या मुलीने तोंडावरचा स्कार्फ खाली ओढून माझ्याकडे असं पाहिलं की जणू ह्या वयात मी तिला शर्यतीला बोलावत होतो. शेवटी क्लच सोडून डाव्या हाताने चावी फिरवली. तेवढ्यात गाडीने उडी घेतलीच आणि पुढचं चाक समोरच्या रिक्षाला जाऊन टेकलं. रिक्षावाला उतरला. त्याने बंपर पाहिला, मग माझा चेहरा पाहिला, आणि चेहरा बंपरपेक्षा जास्त खराब दिसला असावा, कारण भांडायला आलेला माणूस पाणी हवंय का विचारून परत जाऊन बसला. सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. गाडी ढकलत मी कडेला आणली आणि एका बंद रसवंतीशेजारी उभा राहिलो. मग खाली पाहिलं. माझा उजवा हात अजून मुठीवरच होता आणि बोटं मिटलेली होती.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, रेस अडकली, एवढंच. गाडी नुकतीच दुरुस्तीहून आलेली, नवी केबल टाकलेली, अशा बारीकसारीक खोड्या राहतातच. मागच्या वर्षीपर्यंत मीही हेच म्हणालो असतो आणि मेकॅनिकच्या नावाने बोटं मोडत पुढे गेलो असतो. पण गेल्या पौषात, एका सकाळी दाढी करताना, माझा उजवा हात मला सोडून गेला. रेझर बेसिनमध्ये पडला, मला वाटलं साबणामुळे निसटला. उचलायला गेलो तर हात तिथेच लोंबकळत राहिला. दुखत नव्हता, मुंग्या नव्हत्या, काहीच नव्हतं. हॉस्पिटलात त्याला माझ्या पोटावर आणून ठेवायचे आणि तो तिथे राहायचा. मी त्याच्याकडे बघायचो. नखं माझीच, अंगठ्यावरचा जुना शाईचा डागही माझाच; पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा हात चुकून माझ्या अंगावर आला आहे आणि त्याला ते सांगायचा मला संकोच वाटतो आहे, असं काहीतरी मनात यायचं. डॉक्टर म्हणाले थोडक्यात बचावलात. सगळेच म्हणायचे थोडक्यात बचावलात. मला ते शब्द ऐकून राग यायचा, कारण पाटबंधारे खात्यात मी आरेखक, सगळी हयात ह्या हाताने रेघा ओढण्यात गेली, आणि बचावलं होतं ते बाकीचं.

हात परत आला, पण उलट्या क्रमाने आला. व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी आधीच सांगितलं होतं, पकडणं लवकर येतं, सोडणं मागाहून येतं. मला ते तेव्हा कळलं नाही. मग चैत्रात एक दिवस चहाचा कप धरता आला. घरात आनंदीआनंद झाला, पुण्याहून सृष्टीने, माझ्या मुलीने, फोनवर टाळ्या वाजवल्या, आणि चहा संपल्यावर कप खाली ठेवायला गेलो तर बोटं उघडेनात. मेंदूतून हुकूम सुटत होता, मनगटापर्यंत पोचत होता, पुढे कुणी ऐकत नव्हतं. सगुणाने, माझ्या बायकोने, एकेक बोट धरून उलगडलं आणि कप काढून घेतला. पुढे ते सुधारलं. हात उघडायला लागला, आधी सावकाश, मग बऱ्यापैकी. सही जमायला लागली, संगणकावर काम जमायला लागलं. सकाळच्या वेळी मात्र तो अजून आखडलेला असतो, दार लोटून घेतलेल्या दुकानासारखा, आणि बोटांच्या टोकांना थंड-गरम नीट कळत नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, तेवढं कदाचित राहून जाईल, त्याचं मनाला लावून घेऊ नका. आता मला सांगा, हे सगळं ज्याच्या पोटात आहे तो माणूस दिंडोरी नाक्यावर उभा राहून केबलचा विचार कसा करेल?

आणि प्रश्न एकट्या माझा असता तर मी गाडी विकून मोकळा झालो असतो. प्रश्न सगुणाचा होता. मी हॉस्पिटलात असताना तिचा धाकटा भाऊ कारभारी देवळ्याहून आला आणि तिला एका दिवसासाठी वणीच्या गडावर घेऊन गेला. तिथे ती देवीला काय बोलली ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं. हात बरा होऊ दे, एवढंच मागून गप्प बसली असती तर ठीक होतं. पण ती शेतकऱ्याच्या घरची, बोलणी पक्की करण्याची सवय. हात असा बरा होऊ दे, म्हणाली, की ह्यांच्याच गाडीवर, ह्यांच्याच मागे बसून तुझ्या पायाशी येईन. माझं आणि देवाचं फारसं येणं-जाणं नाही. पण नवस ऐकला तेव्हा मला हसू आलं नाही. तिने गाडीच का मागितली ते मला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दिवाळीला मी तिला तेव्हाच्या गाडीवर, ह्याच रस्त्याने, दिंडोरी, वणी, कळवण करत माहेरी नेलं होतं. सगळे एस.टी.ने जायचे, आम्ही उगाच गाडीने गेलो. वाटेत तिने एका हाताने माझा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर. पुढे वारा एवढा लागला की तिने पदराचा नाद सोडला. देवळ्याच्या अलीकडे कांद्याच्या चाळींचा वास सुरू झाला तसा घाईघाईने सावरून घेतला. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही, पण तो आमच्या दोघांच्याही खाती जमा होता. तिने देवीकडे मागितला होता तो हाच दिवस. कोजागिरीला गडावर लोटालोट होते म्हणून त्याआधी कधीतरी जायचं, असं तिचं ठरलं होतं. तेव्हा सगळा प्रश्न एवढाच होता, की ह्या हाताच्या भरवशावर सगुणाला मागे बसवायचं की नाही.

त्या संध्याकाळी मी गाडी यादवकडे नेली. यादव सुरगाण्याकडचा, आरटीओ कॉर्नरला त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे, आणि महिनोन्‌महिने जिन्याखाली धूळ खात पडलेली माझी गाडी गणपतीनंतर त्यानेच पुन्हा उभी केली होती. मी त्याला रिक्षाचं सांगितलं नाही. रेस जरा मागे राहते, एवढंच म्हणालो, पोटदुखीसाठी डॉक्टरकडे जाऊन डोकं दुखतं म्हणणाऱ्यासारखं. त्याने गाडी डबल स्टँडवर घेतली, चालू केली, मूठ पिळली, सोडली. इंजिन चढलं आणि लगेच खाली बसलं. पुन्हा पिळली, पुन्हा बसलं. हँडल डावीकडे वळवून बघितलं, उजवीकडे वळवून बघितलं. केबल कुठे दबत असेल तर हँडल वळवताना आवाज बदलतो म्हणाला. बदलला नाही. टाकी उचलून केबलची वाट तपासली, तिच्यात तेल सोडलं, कार्बोरेटर काढून आतली स्प्रिंग बोटाने दाबून दाखवली. सगळं ठाकठीक. मग मला बस म्हणाला. मी बसलो, मूठ पिळली, सोडली. इंजिन खाली बसलं. आता मला आनंद व्हायला हवा होता. पण संध्याकाळी माझा हात मोकळा असतो, हे मला माहीत होतं, आणि ते यादवला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या फाटकाशीच तेच झालं. गाडी बाहेर काढताना थोडी रेस दिली, सोडली, आणि ती उतरेना. सावकाश, कुरकुरत, मन नसल्यासारखी उतरली. तिसऱ्या दिवशी तेच. ऑफिसातून निघताना मात्र काही नाही. मी पुन्हा यादवकडे गेलो, त्याने पुन्हा सगळं उघडलं, मुठीचं टोक हँडलच्या कडेला लावलेल्या वजनाला घासतंय का ते पाहिलं, केबल कार्बोरेटरच्या बाजूने आणखी एकदा तपासली. दुपारी काही होत नाही, संध्याकाळी काही होत नाही, होतं ते सकाळीच, असं मी त्याला शेवटी सांगितलं. तो हात पुसत उभा राहिला. माझ्या आजाराची बातमी त्याला होतीच, सगुणानेच सांगितली असणार. तो फार हळू आवाजात म्हणाला, "सर, गाडीत कायच नाय. लय दिवस चालवली नाय ना तुमी, हाताची सवय मोडली आसंल." त्याने ते माझ्या बऱ्यासाठी म्हटलं. मी मान हलवली, हसलोही. सकाळी आखडणारा हात आणि सकाळी अडकणारी रेस. दोन आणि दोन चारच होतात, त्यासाठी आरेखक असावं लागत नाही.

त्या दिवसांत मी स्वतःच्या हातावर पाळत ठेवायला लागलो. भाजी घेताना पिशवी सोडायला किती वेळ लागतो, लिफ्टच्या दाराची कडी सुटते की नाही, जेवताना वाटी. पाळतीवर असलेला माणूस संशयितच दिसतो, तसा माझा हात मला संशयित दिसायला लागला. कधी वाटायचं, हे जुनंच थोडं शिल्लक राहिलंय. कधी, विशेषतः सकाळी तोंड धुताना, वाटायचं की नवीन येऊ घातलंय. मागच्या वेळीही असंच, कुणाला न सांगता, दाढी करताना आलं होतं. मग मी आरशात ओठांचे कोपरे सारखे आहेत का बघायचो. सगुणाला काही सांगितलं नाही. ती विचारायची, कधी निघायचं, आणि मी म्हणायचो, गाडी जरा नीट होऊ दे. ती बरं म्हणायची. ती रोज सकाळी तांब्या-पळी घेऊन खाली उतरायची, गाडीला हळद-कुंकू लावायची, पाणी घालायची, जास्वंदीचं फूल आरशाच्या दांडीत खोचायची. तुमच्या गाडीला रोज अभिषेक असतो वाटतं, असं पहिल्या मजल्यावरचे शेजारी मला ऐकवायचे. मी हसून घ्यायचो. मागच्या पौषापासून ह्या बाईने माझ्यासाठी जे जे केलं त्यात हे सगळ्यात कमी त्रासाचं होतं. डोळे मिटायला लावून ती माझ्या तळव्यावर काहीबाही ठेवायची आणि ओळखा म्हणायची. मॅडमनी प्लास्टिकचे तुकडे दिले होते. तिने ते बाजूला सारून लसणाची पाकळी ठेवली, मेथीचे दाणे, बाजरी, कांद्याचं काळं बी. प्लास्टिक ओळखून काय करायचंय, म्हणाली. मी चुकायचो, ती पुन्हा ठेवायची. तिच्या चेहऱ्यावर कंटाळा मला कधी दिसला नाही. डोळे मिटलेले असायचे हे खरं, पण आवाजातही कधी आला नाही.

रविवारी ती देवळ्याला गेली, कारभारीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. सकाळी मी एकटाच दूध आणायला गाडी काढली. रेस दिली, सोडली. उतरली. पुन्हा दिली, सोडली. लगेच उतरली. म्हसरूळच्या चौकापर्यंत जाऊन आलो, विनाकारण आणखी पुढे मखमलाबादच्या रस्त्याने कालव्यापर्यंत जाऊन आलो, आणि गाडी एकदाही ओरडली नाही. मी कालव्याच्या कठड्याशी थांबलो. डोळ्यांत पाणी आलं, ते कुणाला दिसणार नव्हतं म्हणून येऊ दिलं. हात बरा आहे. काल लवकर झोपलो, त्याचा परिणाम. घरी आलो, सगुणाला फोन केला आणि बोलून बसलो की गुरुवारी जाऊ. पलीकडे डोहाळजेवणाचा गलका होता. ती म्हणाली, "बरं." नुसतं बरं. आणि सोमवारी सकाळी, ती परत आल्यावर, फाटकाशी गाडी पुन्हा ओरडली.

सोमवार ते बुधवार मी जे काही केलं त्याला दिवस घालवणं म्हणतात. एक साधा प्रयोग होता, यादव नसता तरी मला करता आला असता: सकाळी, गाडी बंद असताना, उजवा हात खिशात घालायचा, डाव्या हाताने मूठ पिळायची आणि सोडायची. मूठ परत आली तर दोष उजव्या हाताचा. नाही आली तर गाडीचा. शाळेतल्या मुलालाही सुचावा असा प्रयोग. मला तो पहिल्या दिवशीच सुचला होता. मी तो केला नाही, कारण तो केला नाही तोवर दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि मला दोन्हींची सोबत होती. रिपोर्टचं पाकीट उशीखाली ठेवून झोपणारे लोक असतात, त्यांना मी हसत आलो होतो. बुधवारी रात्री सगुणाने साडी काढून ठेवली, ओटीचं सामान काढलं, थर्मास धुवून पालथा घातला. तिची हालचाल हलकी झाली होती. गेल्या पौषानंतर पहिल्यांदा तिला स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणताना ऐकलं. मी ठरवलं, सकाळी सांगून टाकायचं, एस.टी.ने जाऊ. देवी समजून घेईल, तिचं काम तिने बरंच केलंय. मागे बसलेल्या माणसाला माहीत नसतं पुढचा हात काय करतोय, आणि अशा माणसाला मागे बसवून गडाखालचा नांदुरीचा घाट चढणं हे मला ह्या जन्मी जमणार नव्हतं.

गुरुवारी उजाडता उजाडता मी खाली उतरलो, ती पूजा आटोपून वर गेली होती आणि निघण्याच्या तयारीत होती. गाडीच्या आरशात फूल होतं. हँडलवरून पाणी ठिबकून टाकीवर ओघळलं होतं. सांगायचंच आहे तर मग भीती कसली, असं मनाशी म्हणून मी उजवा हात खिशात घातला आणि गाडीच्या पलीकडून, वाकडा होऊन, डाव्या हाताने मूठ पिळली. सोडली. मूठ पिळलेलीच राहिली. मी तिच्याकडे बघत राहिलो. पुन्हा मागे लोटली, पुन्हा पिळली, पुन्हा सोडली. राहिली. मला हसायला यायला लागलं. पेपरवाला सायकल उभी करून बघत होता, त्याची पर्वा न करता मी ते चार-पाच वेळा केलं, प्रत्येक वेळी मूठ जिथल्या तिथे, आणि माझा उजवा हात खिशात, निर्दोष, मान खाली घालून उभा. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मग मी त्याला बाहेर काढलं आणि म्हटलं, बाबा, आता तूच बघ काय अडलंय. बोटं मुठीच्या रबरावरून आत सरकवत नेली, जिथे रबर संपतं आणि स्विचचा पत्रा सुरू होतो तिथपर्यंत. तिथे लाल दोरा होता. आणि तो ओला होता. मी बोट उचललं, पुन्हा टेकवलं. ओला, आणि गार. हे मला डोळ्यांनी कळलं नव्हतं. तर्जनीच्या टोकाने कळलं होतं, ज्या टोकाचं मनाला लावून घेऊ नका असं मला सांगण्यात आलं होतं. मी खाली बसकण मारली. दोरा बाजूला राहिला. मी नुसताच बोट टेकवत होतो आणि उचलत होतो. गार, कोरडं, गार.

मग डोकं चालायला लागलं. तो दोरा गडावरचा. हॉस्पिटलातल्या त्या दिवसांत सगुणाने तो देवीच्या पायाशी लावून आणला होता, देवघरात जपून ठेवला होता, आणि गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी खाली येऊन बांधला होता. सगळे दोरा हँडलच्या मध्ये बांधतात, नाहीतर आरशाला. तिने नेमका जिथे माझा हात येतो तिथे बांधला, कारण तिचं मागणं हाताचं होतं. घट्ट वेढे देत, रबर आणि पत्रा ह्यांच्या जोडावरच. कोरडा असताना तो बिचारा कुणाला आडवा येत नव्हता. पण रोज सकाळी त्यावर पाणी, हळद, कुंकू. दोरा फुगायचा, आवळायचा, चिखल जोडात जायचा, आणि मूठ धरून ठेवायचा. दुपारच्या उन्हात वाळला की सोडून द्यायचा. रविवारी ती नव्हती म्हणून पाणी नव्हतं. तो दोरा काही लपलेला नव्हता, रोज माझ्या अंगठ्याखाली होता. पण ह्या शहरात दोरा नसलेली गाडी दाखवा. असतोच म्हणून तो दिसत नाही. यादवला तर दिसला होता. आता आठवलं, त्याने अख्खी गाडी उघडली, तेवढा एक जोड सोडून. तिथे हात नेताना त्याने पाना खाली ठेवला होता, दोऱ्याला बोटं लावून कपाळाला लावली होती, आणि पुढे गेला होता. दुसऱ्याच्या घरच्या बाईने बांधलेला देवीचा दोरा तो कसा सोडणार? त्याच्या जागी मी असतो तरी सोडला नसता.

कात्री आणायला वर जावंसं वाटलं नाही. गाठ भिजून दगड झाली होती. मी उजव्या हाताची नखं तिच्यात घातली आणि सोडवायला बसलो. मागच्या उन्हाळ्यात मॅडमनी गाठ सोडवायला दिली होती तेव्हा मी ती भिंतीवर फेकली होती. आत्ता घाई नव्हती. एक पदर सैल झाला, मग दुसरा. शेवटचा वेढा उलगडला आणि मूठ आपोआप, टक्कन, जागेवर आली. तो आवाज ऐकून मी मान वर केली तर सगुणा फाटकापाशी उभी होती. नवी साडी, हातात पिशवी, केस अजून ओले. ती माझ्या हातातल्या दोऱ्याकडे बघत होती. देवीचा दोरा सोडलेला माणूस काय सांगणार होता? मी जे होतं ते सांगितलं. पहिल्यापासून, दिंडोरी नाक्यापासून, रिक्षापासून. मला वाटलं होतं हात पुन्हा गेला, असं म्हणताना आवाज हलला, तो मी हलू दिला. दोऱ्याचं सांगताना मात्र अडखळलो, कारण तिला कसं सांगायचं की तुझ्याच पाण्याने.

ती पायरीवर बसली. तिने पदराचा काठ बोटांत धरला. "मला रोज ऐकू यायची," ती म्हणाली. "गाडी फाटकाशी ओरडली की मी वर ओट्यापाशी थांबायचे. वाटायचं, हात अजून ऐकत नाहीये ह्यांचं, आणि सांगत नाहीयेत. मग दुसऱ्या दिवशी मी एक पळी जास्त घालायचे."

मी तिच्याकडे बघत राहिलो. गाडी ओरडली की ती पाणी वाढवायची, आणि पाणी वाढलं की गाडी आणखी ओरडायची. त्या पळ्या आम्ही एकमेकांना न सांगता रोज एकमेकांवर ओतत होतो. आधी तिला हसू फुटलं. तोंडावर पदर धरून ती एवढी हसली की पेपरवाला पुन्हा थांबला. मग रडली. मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. मला तिचे उपकार वाटले, हे मी स्पष्टच लिहितो, ह्या शब्दाला नवरा-बायकोत जागा नाही असं म्हणतात तरी. तिचे, यादवचे, प्लास्टिकचे तुकडे देणाऱ्या मॅडमचे, भांडण सोडून पाणी विचारणाऱ्या त्या रिक्षावाल्याचे. आणि देवीचे, असेल तर. नसेल तर जे कुणी त्या जागी असेल त्याचे. तिला मी एवढं सगळं सांगितलं नाही. घाबरवलंस मला, एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही काय कमी घाबरवलंत?"

आम्ही निघालो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. ऑफिसात फोन करून रजा टाकली. सगुणा मागे बसली, तिने माझा खांदा धरला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, सोडला, आणि हात मांडीवरच्या पिशवीवर ठेवले. म्हसरूळ मागे पडलं. दोन्ही बाजूंना छाटणी झालेल्या द्राक्षबागा, नुसत्या काड्या आणि तारा, आणि कापल्या लाकडाचा कच्चा वास. आरशात तिचा पदर दिसत होता. पुढे वाऱ्याने तो खाली घसरला आणि तिने सावरला नाही. हात माझा होता. मुठीच्या रबरावरच्या रेघा मला तळव्याला कळत होत्या, वारा बोटांच्या पेरांना कळत होता. दिंडोरीच्या अलीकडे रस्ता उताराला लागला. समोर कुणी नव्हतं, थांबायचं काही कारण नव्हतं. मी बोटं उघडली. पाचही, पूर्ण. इंजिन लगेच खाली उतरलं, आवाज विरून गेला, आणि गाडी आपल्याआपण उतारावरून चालत राहिली, एवढी शांत की मागे तिच्या बांगड्या ऐकू आल्या.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "सोडून बघतोय."